चौदा अटी रद्द

मी, सुशीलाबाई नामदेवराव पाटोळे, वय ७८, निवृत्त हॉस्पिटल मेट्रन, राहणार विद्यानगर, हैदराबाद, देवबापाला स्मरून आणि पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहिते. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मला काही नाही. यासाठी माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तशी हिंमत आजवर कोणाची झालेली नाही.

१. सन २०१६ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात हे घर मुलगा संदेश याला दिले होते, पण चौदा अटींवर. घर विकायचे नाही. स्वयंपाकघरातला ओटा बदलायचा नाही. दर रविवारी उपासनेला डावीकडच्या दुसऱ्या बाकावरच बसायचे. आबिड्सचे वकील हणमंतराव तेव्हाच म्हणाले होते, "बाई, हे मृत्युपत्र नाही, ड्युटी चार्ट आहे." मी त्यांना टायपिंगच्या चुका दाखवून गप्प केले.

२. अटी का काढल्या ते सांगणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला. तीन वर्षांपूर्वी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी चाळीस दिवस मटण सोडले आणि चर्चच्या पायरीवर चारचौघींना ते ऐकवत होते. आमचे पाळक शिवराज माझ्या मुलाच्या वयाचे. हसत म्हणाले, "मटन छोडे, अच्छा करे बाई. हुकूम कब छोडते?" मला भयंकर राग आला. घरी येताना रिक्षावाल्याला मी एकेक वळण सांगितले, आणि दारात उतरताना कळले की पाळकांचे खरे आहे. प्रभूच्या मनासारखे होऊ दे अशी मी जन्मभर प्रार्थना केली, आणि आमेन म्हटल्याबरोबर माझ्या मनासारखे करायला उठले.

तेव्हापासून रोज सकाळी मी एक गोष्ट प्रभूच्या हाती देते आणि दिवसभर परत मागत नाही. पहिल्या दिवशी पंख्याचे बटण दिले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. सून योगिनी पुण्याची. तिने बगारा बैंगनात गूळ घातला. हैदराबादेत हा गुन्हा आहे. मी जेवले आणि छान झाले म्हणाले. ते खोटे होते, त्याची क्षमा वेगळी मागितली. कित्येक दिवस हरले. टीव्हीचा रिमोट तर नऊ मिनिटांत हिसकावून घेतला. पण एकदा योगिनीने ओट्याचा विषय काढला, तेव्हा मी म्हणाले, "तुला हवा तसा करून घे." तिने घाबरून संदेशला फोन केला, "आईंना काहीतरी होतंय, लवकर ये." डॉक्टर येऊन गेले. बीपी नॉर्मल होते.

३. छातीला लावायचे माझे घड्याळ नात रसिका हिला. तिने नर्स व्हावे अशी जुनी अट होती. तिला चित्रे काढायची आहेत, काढू दे. माझे दिवंगत पती नामदेवराव यांना मी तीस वर्षे वाक्य पुरे करू दिले नाही. याचे मला फार वाईट वाटते. तिकडे भेटले की आधी त्यांनी बोलावे, मी ऐकेन.

४. आता घर. योगिनीच्या आई उषाताई पुण्यात एकट्या असतात. त्यांना पक्षाघात झाला. योगिनीला तिकडे बदली मिळत होती, ती तिने दोनदा नाकारली. कारण तिथे सगळ्यांना पुरेल असे घर घ्यायचे तर हे घर विकावे लागेल, आणि मला ते विचारण्याची कोणाची छाती नव्हती. मला हे रसिकाकडून बोलता बोलता कळले. दुसऱ्या सकाळी प्रार्थनेत घराचे नाव तोंडातून निघेना. अकरा दिवस मी खिडकी, वर्तमानपत्र असले काहीबाही देत राहिले. बाराव्या दिवशी रडत रडत घर दिले.

हणमंतरावांनी मजकूर केला, की माझ्या पश्चात मुलाला व सुनेला घर विकण्याची मोकळीक आहे. वाचून दाखवला. मला समाधान वाटेना. मेल्यावर घर सगळेच सोडतात. त्यात मी प्रभूला काय दिले? मी म्हणाले, "वकीलसाहेब, ते 'पश्चात' खोडा."

"अहो बाई, मग हे मृत्युपत्र कशाचं राहिलं?"

"नाही राहिलं तरी चालेल. खोडा."

५. सबब जाहीर करते की हे घर मी हयातीतच विकत आहे. घेणारा ते पाडून नवे बांधणार आहे, हे मला ठाऊक आहे. पंधरा जूनला मी मुलाबरोबर, सुनेबरोबर आणि नातीबरोबर पुण्याला जात आहे. उषाताईंची पाठ पुसणे, कूस बदलणे मला अजून जमते. आयुष्यभर मेट्रन होते, आता आया म्हणून जाते, आणि इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. माझ्या मृत्यूनंतर वाटण्याजोगे फारसे काही सापडले नाही, तर वारसांनी शोधाशोध करू नये. ते मी हिंडती-फिरती असताना, माझ्या हाताने देऊन टाकले आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करते.

सही: सुशीलाबाई नामदेवराव पाटोळे

साक्षीदार:
१. पाळक शिवराज
२. हणमंतराव, वकील, आबिड्स

ठिकाण: हैदराबाद
दिनांक: १२ मे २०२५