पत्रातली आबाळ

आई, आज हे पुरतं लिहून झाल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही. याआधी तीनदा बसलो आणि तीनदा काहीतरी निमित्त काढून उठलो. एकदा तर चष्मा सापडत नाही म्हणून उठलो आणि चष्मा डोळ्यांवरच होता. तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, माझी पंच्याहत्तरी उलटली, आता निमित्तं पुरे झाली. परवा नात शिकायला परदेशी निघाली म्हणून आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही तिकडे काय खायचात?" आणि पन्नास वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "कसलं खाणं, नुसती आबाळ." सगळे हळहळले. मी मात्र ताट बाजूला सारलं. पोरीला मी उद्या खरं सांगणार आहे, पण त्याआधी ते तुला सांगायला हवं, कारण हे खोटं मी पहिल्यांदा तुलाच सांगितलं होतं.

बाहत्तर सालची दिवाळी झाली आणि मी गेलो. नगरच्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो, त्यांनी जर्मनीहून यंत्रं मागवली होती आणि ती शिकून घ्यायला मला सहा महिने तिकडे धाडलं. विमानाची, थंडीची, कशाचीच काळजी तुला नव्हती. तुला काळजी एकच. एस.टी. सुटता सुटता तू खिडकीखालून बजावलंस, "कुनाच्या घरी गेलास तर हावऱ्यावानी हात लांबवू नगंस. आदी न्हाई म्हनायचं." लहानपणी शेजारच्या घरी मी पहिल्याच विचारण्याला लाडू उचलला होता आणि तू सगळ्यांदेखत दंडाला चिमटा काढला होतास, तो मी विसरलो नव्हतो.

तिथला पहिलाच रविवार. राहायच्या जागी रविवारी खानावळ बंद असते हे मला कुणी सांगितलेलं नाही. बाहेर पडलो तर दुकानंही बंद, रस्ताभर बर्फ, आणि तासाभरात मी वाट चुकलेलो. एक बाई दारापुढचा बर्फ फावड्याने ओढत होती. तुझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. माझ्याकडे बघितलं, फावडं भिंतीला टेकवलं आणि माझ्या कोपराला धरून मला सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. बटाट्याचं गरम कालवण, पाव, लोणी. तिने डाव उचलून खुणेने विचारलं, वाढू का? मी म्हणालो, "नाइन." नकोला त्यांच्याकडे नाइन म्हणतात, तेवढं मी शिकून गेलो होतो. आपल्याकडे पहिल्या नकोचा अर्थ 'अजून एकदा विचारा' असा असतो. तिने मान डोलावली आणि पातेलं परत चुलीवर ठेवलं. मग पाव पुढे केला. मी पुन्हा नाइन म्हणालो, जरा हळू. पावही गेला. तिसऱ्यांदा ती विचारेल म्हणून मी वाट बघत बसलो, तर ती स्वतःच जेवायला लागली. माझे डोळे तिच्या ताटलीवरून हलत नसावेत. ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि इतकी हसली की ॲप्रनने डोळे पुसावे लागले. उठून माझी ताटली काठोकाठ भरली. "इस," म्हणाली. इस म्हणजे जेव. त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही, नुसतं वाढलं. दर रविवारी, सहा महिने. मला उशीर झाला तर दारात येऊन उभी राहायची. तापाने आठवडाभर पडलो होतो तेव्हा आपल्या मुलीच्या हाती डबा पाठवायची. आम्हा दोघांत मिळून पन्नास शब्द नव्हते. मी तिच्या नात्याचा ना गोत्याचा, ती हे का करत होती मला आजही ठाऊक नाही. त्या बाईने मला परक्या मुलखात पोरका होऊ दिलं नाही, आणि हे मी पन्नास वर्षांत एकाही माणसाला सांगितलं नाही.

का नाही, तेही लिहितो. मी पोचल्याचं पत्र टाकलं, त्याला तुझं उत्तर आलं, मुकादमाच्या अक्षरात. तू तेव्हा पाथर्डीच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडत होतीस. मुकादमाने लिहिलं होतं, 'तुझे पत्र जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचले, समस्त बायांनी ऐकले. तिकडे खाण्यास काय मिळते असे सगळ्या विचारतात, ते कळवणे.' मी ते पत्र हातात घेऊन बसलो. डोळ्यापुढे तुम्ही सगळ्या. फडक्यात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची भाकरी, वर मीठ-मिरची. तिथे मुकादम वाचणार, लोणी, दूध, बटाट्याचं कालवण. माझा हातच चालेना. म्हणून लिहिलं, 'खाण्याची फार आबाळ आहे. इथे कोणी कोणाला विचारत नाही.' पुढच्या प्रत्येक पत्रात तेच लिहीत गेलो. मला वाटलं, मी फार समजूतदार मुलगा आहे.

मे महिन्यात परत आलो. तू वाळून काटकी झाली होतीस. तुझ्याबरोबर खडीवर असलेली शेजारची काकू ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "तुजी आई लई हट्टी हाय बाबा. तुजं ते आबाळीचं पत्र आलं तवापून रोजच्या भाकरीतली अर्दी काय तिनं खाल्ली न्हाई. रस्त्यानं जानाऱ्याला हाका मारायची. गडी नको म्हनला तरी हातावर ठेवायची. म्हनायची, ह्याच्या पोटात गेली तर तिकडं माज्या लेकराला बी कुनीतरी घालंल."

काकू गेली. तू चुलीपाशी होतीस, माझ्याकडे पाठ करून. लाकूड आत सारलंस. मग विचारलंस, "व्हय रं, घातलं का कुनी?"

तेव्हा एक शब्द पुरला असता. पण व्हय म्हणालो असतो तर सगळी पत्रं खोटी ठरली असती. मी म्हणालो, "कुठलं गं. तिकडं तशी रीत नाही." तू "बरं" म्हणालीस आणि मला भाकरी वाढलीस. तो विषय तू मरेपर्यंत पुन्हा काढला नाहीस.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, पण फाडणारही नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो. तसं नव्हतं, आई. त्या दिवशी मला फक्त खोटं पकडलं जाण्याची लाज वाटली होती. तुझी अर्धी भाकरी मला पोचत होती. दर रविवारी पोचत होती.