शिळा पगमार्क

मंगळवार, संध्याकाळ

रिसॉर्टच्या मॅनेजरनं आज आम्हा नागझिऱ्याच्या गाइडांना टुरिस्टांसंगं बसवून फ्रान्सचा एक जुना विनोदी पिक्चर दाखवला. त्यातला गाइड कोणत्याही गुहेत नेते अन् "इथं राजा झोपत होता" म्हणते. टुरिस्ट पोट धरून हसून राहिले. मले काऊन एवढा राग आला?

सकाळी वाघ दिसला नाही. मग मी सवयीनं मातीतला वाघाच्या पंजाचा ठसा, कालचाच पगमार्क, दाखवून "ताजा आहे" म्हटलं. वाघ नाही दिसला की यांची तोंडं पडतात, मी काय करू? पुण्याच्या एका बाईनं त्या पगमार्कचे फोटो काढले.

पिक्चर संपल्यावर तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "दादा, ताज्या पगमार्कवर कोळ्याचं जाळं?"

सारे पुन्हा हसले. "उद्या वाघ नक्की दिसेल, ताई," म्हणालो.

दिसोच. अन् नेमकी तेव्हाच तिच्या मोबाइलची बॅटरी मरो.