गॅसचा नॉब

बाबा, मी लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाशी अडकले. मेल्यावर आत्माबित्मा काही उरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत, तेही मयूर विहारच्या याच स्वयंपाकघरात, कांदा चिरताना. मग मी हे लिहितेय कोणाला?

शाळेआधी मी तुमच्याकडे शिकले. अक्षरं, पाढे, मग त्रिशरण. काहीही विचारलं तरी तुम्ही रागवायचा नाहीत. रागवायचात ते न कळता घोकलं तर. "अर्थ पटत नसेल तर तोंड बंद ठेवायचं, बेटा." ती सवय अजून सुटलेली नाही. एकदा मी विचारते, आत्माच नाही तर पुढे जातं काय? तुम्ही सुरी बाजूला ठेवता. "आमच्या साहेबाची बदली झाली. तो काय नव्या साहेबाच्या अंगात शिरला? नाही. पण त्याचं पेंडिंग नव्याच्या टेबलावर आलं. जाणिवेचंही तसंच. एकीतून दुसरी सुरू होते, जाणारा कोणी नसतो." आणि निर्वाण? "टेबल साफ." कणीक मळता मळता आई म्हणते, "तुमचं टेबल साफ झालेलं पाहिलंय का कोणी?"

गेल्या रविवारी तुमच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. दरवर्षी तांब्या काका धरायचे, यंदा ते नागपूरला, म्हणून माझ्यावर आलं. वाटी भरून ताटात सांडेपर्यंत पाणी ओतत राहायचं आणि आपलं पुण्य गेलेल्या माणसाला पोचो असं म्हणायचं. आठवडाभर नोएडाच्या ऑफिसात माझं कशातच लक्ष नव्हतं. घेणारा कोणी नाही हे माहीत असून म्हणायचं, तर तुमच्याशी खोटं. न म्हणावं तर आईला लागणार. शेवटी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तू अन् तुझे बाबा. वर्षातून एकदा त्यांना काही द्यावं म्हटलं, तर त्यातही माझा पेपर घ्या." भंतेजी आल्यावर मी त्यांनाही विचारलंच. ते हसले. "घेणारा राहू दे. देणारी कोण, ते तरी नक्की सापडलंय का तुला?"

पाणी मी ओतलं, शब्द एकट्या आईने म्हटले. वाटी भरून वाहायला लागली आणि माझ्या मनात आलं, खिरीखालचा गॅस चालू राहिला तर नाही? तांब्या खाली ठेवून मी तडक उठले. गॅस बंदच होता. तरी नॉब दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. मागून आईचा आवाज आला, अगदी शांत. "लोक म्हणतात, हे गेले. गेले कुठे? ते बघा, गॅस बघायला गेलेत." भंतेजीसुद्धा हसले.

मी नॉबवर हात ठेवून तशीच उभी राहिले. तुम्ही लिफ्टपाशी पोचून परत यायचात. बूट काढून हातात घेऊन आत यायचात, आई फरशी पुसलीय म्हणून ओरडायची. मुक्त मनाच्या एवढ्या गोष्टी सांगणारा माणूस, आणि गॅस बघितल्याशिवाय त्याचा पाय घराबाहेर पडत नसे. हे तुमचं पेंडिंग, बाबा. माझ्याकडे आलंय.

ही धास्ती जावी म्हणून मी ध्यानशिबिराला नाव दिलंय. शुक्रवारी निघायचं आहे आणि बॅग अजून रिकामी आहे. शिबिराचा उपयोग होणार नाही, ही भीती नाही. झाला तर? माझं टेबल साफ झालं, तर तुमचं या घरात काय राहील? तुम्ही म्हणाल, यालाच तृष्णा म्हणतात, हीच बांधून ठेवते. ते मला कळतं. कळूनही चिकटून बसलेय.

हे पत्र पाठवण्यासारखं नाही, पत्ताच नाही. एवढंच सांगते. आज सकाळी गॅस मीच बंद केला होता, मला पक्कं ठाऊक होतं. तरी लिफ्टपासून परत आले आणि आई मागून पुन्हा 'ते बघा' म्हणेल का, म्हणून नॉबवर हात ठेवून जरा थांबले.