तुझ्या न्हाणीघरातून जाणारा रस्ता

चि. धाकट्यास, थोरल्याकडून पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही, हे लहानपणापासून सांगतो आहे. पण तू शिकलेला, त्यामुळे तुझं वाकणं मुळातच कमी. भावजयीला सांग, स्वेटर पोचला आणि अंगाबरोबर बसला. (काखेत जरा ओढत होता, उसवून नीट केला. शिंप्याला तयार कपडा पाठवणं म्हणजे धाडसच, पण मन दिसलं.) मी बरा आहे. गुडघे सोडले तर बाकीचे अवयव सांगितलेलं ऐकतात.

आता मुद्द्याचं. आपल्या वस्तीच्या तोंडाशी असलेलं रेल्वेचं फाटक कायमचं बंद होणार. तसं ते आताही निम्मा दिवस बंदच असतं, आणि गाडी यायच्या कितीतरी आधी ते पाडून फाटकवाला जांभया देत बसतो. पण तो निदान पुन्हा उघडतो तरी. रुळांपलीकडे आपली अक्का एकटी आणि अलीकडे दुकानावरच्या खोलीत मी, हे तुला माहीतच आहे. रोज संध्याकाळी मी तिला डबा नेऊन देतो, ती त्यात मीठ कमी आहे म्हणते, मी परत येतो. फाटक बंद झालं की हमरस्त्याच्या पुलावरून वळसा. तो माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही. अक्का म्हणते, ‘नको येऊस, मी काय लहान आहे?’ आणि मला जरा उशीर झाला की खिडकीत उभी असते, रस्त्याकडे पाठ करून, म्हणजे वाट बघते आहे असं दिसू नये.

तर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. रस्त्याच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या, वयाने आपल्या पुतणीएवढ्या, पण आवाज असा की पंखा बंद आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, रुळांखालची पाणी जायची जुनी मोरी मोठी करू, माणसं आणि छोट्या गाड्या त्यातून पलीकडे जातील, थेट अक्काच्या इमारतीपाशी. वस्तीच्या मागून मोरीपर्यंत रस्ता कुठून न्यायचा, ते मात्र तुम्हीच ठरवून जमिनीवर आखून द्या. झालं. रस्ता सगळ्यांना हवा होता, फक्त आपल्या भिंतीपासून लांब. गिरणीवालीला तो सायकलवाल्याच्या अंगणातून हवा, सायकलवाल्याला गिरणीतून. दोघांचं इतकं जुंपलं की एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचले. मग सगळ्यांना एकदमच तुझं कुलूप लावलेलं घर आठवलं. मी हिरिरीने तुझी बाजू मांडली. (विश्वास ठेव. साक्षीदार म्हणून फाटकवाला आहे, तो जागा होता असं तोच म्हणतो.) शेवटी ठरलं, रस्ता तुझ्या मागच्या भिंतीला घासून, पण बाहेरूनच जाईल. आणि चुन्याने आखायचं काम माझ्याकडे, कारण वस्तीत टेप माझ्याकडे आणि सरळ रेघ मारण्यात उभा जन्म गेलेला.

इथे घोटाळा झाला. धाकट्या, कापड बेतताना मी शिलाईच्या बाहेर दोन्हीकडे माया सोडतो. अंग भरलं तर पुढे उसवून वाढवता यावं म्हणून ठेवलेलं जास्तीचं कापड. हाताला ती सवय इतकी, की बाईंनी सांगितलेल्या रुंदीला मी दोन्ही बाजूंनी सढळ माया सोडली. वस्ती वाढतेच की, उद्या रस्ता तंग व्हायला नको. बाईंची माणसं आली आणि माझी बाहेरची रेघ हीच रस्त्याची कड धरून खुंट्या ठोकून गेली. कापड आत दुमडता येतं, रस्ता दुमडता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा एक खुंटी तुझ्या परसातल्या न्हाणीघरात होती, बादलीच्या शेजारी.

मी पुन्हा आखायला निघालो, तर वस्ती आडवी आली. रस्ता रुंद झाल्यामुळे दवाखान्याची गाडी आत येऊन वळू शकते, हे बाईंनीच मोजून सांगितलं. कालपर्यंत हातभर जमीन न सोडणारे लोक तुझ्या बाबतीत भलतेच उदार झाले. गिरणीवाली म्हणाली, ‘त्यांच्याकडे तिकडे दोन-दोन बाथरूम आहेत, इथली कशाला हवी? अंघोळीला का येणार आहेत?’ मी म्हटलं, ‘येईल हो.’ तर म्हणते, ‘मग माझ्याकडे करू दे. पाणीसुद्धा तापवून देईन.’

तेव्हा तुझी संमती मिळाली तरच काम सुरू होईल. सही करायला समक्ष यावं लागतं, असा नियम आहे. विचार करून सवडीने कळव.

तुझा,
थोरला

ता. क. : सवडीने असं वर लिहिलं, पण बाईंना मी ‘त्याची संमती आहेच’ असं सांगून बसलो आहे. तेव्हा विचार लवकर कर, आणि एकाच बाजूने कर.

ता. क. : न्हाणीघरातली बादली आणि आरसा मी सांभाळून ठेवला आहे. नळ गिरणीवालीने सांभाळून ठेवला, आणि तिच्याकडे तो चालूही झाला.

ता. क. : सही टपालानेही चालते. बाईंनी त्यासाठी कागद दिला होता, तो या पाकिटात घालायचा मुद्दाम राहून गेला. समक्ष यायचा नियम माझा आहे. अक्काला मी एवढंच सांगितलं, की धाकटा आल्याशिवाय रस्ता होत नाही. काल ती माझ्याकडून जाड चादरीला नवी किनार लावून घेऊन गेली. धाकट्याला थंडी सोसत नाही म्हणे. आता यायचं नसेल, तर ते तूच तिला लिही. मला तेवढा धीर नाही.