कशावरून?

९ जुलै, दुपार

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या मिरचीचा खोकला गेला. लेक तुझीच, दुधाचा पेला पाहिला की तोंड वाकडं करते आणि दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटते. माझ्या बालवर्गात मात्र रमते. फोनवर बोलताना ती शेजारीच कान देऊन असते, म्हणून हे पत्र.

वर्गात मी चित्रांची गोष्ट नुसती वाचून मोकळी होत नाही, हे तुला ठाऊक आहे. पानापानाला थांबते. काय दिसतंय? कशावरून? पुढे काय होईल? अंदाज कुठलाही चालतो, पण चित्रातली खूण दाखवावी लागते. ‘पोरांना पोलिसात भरती करणार का?’ म्हणून तू हसायचास.

काल सशाच्या पिल्लाचं पुस्तक घेतलं. पिल्लू बिळात एकटंच बसलं आहे. मी विचारलं, ‘आई कुठे गेली असेल?’ कुणी म्हणालं, गाजर आणायला. मिरची म्हणाली, ‘मेली.’

‘कशावरून गं?’ सवयीने माझ्या तोंडून गेलं.

‘चित्रात ताट एकच आहे ना.’ मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘आणि आईचा चष्मा तुझ्या कपाटात आहे. चष्म्याशिवाय तिला काहीच दिसत नाही.’

दवाखान्यातून तो मीच पिशवीत टाकून आणला होता. पुढचं पान उलटवेना.

तू स्मशानातलं सगळं उरकून तिथूनच परस्पर कामावर गेलास. तुझ्या शब्दाखातर मी मूग गिळून बसले. रोज संध्याकाळी तू हसत हसत सांगतोस, आई बरी होतेय, लवकर येईल. मला तुझा राग येतो आणि तुझा आवाज ऐकून रडूही येतं.

घरी आल्यावर तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, ‘बाबाशी बोलायचं का आईबद्दल?’

तिने माझा हात गच्च धरला. ‘नको. तो फोनवर किती खूश असतो! त्याला अजून माहीतच नाही, आत्या. कुणी सांगितलंच नाही त्याला.’

काल संध्याकाळी ती तुला ‘हो बाबा, आई येईल हं’ म्हणाली, ते तुला रडू येऊ नये म्हणून.

मिळेल त्या गाडीने ये. पाच वर्षांची पोर एकटी तुला सांभाळते आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई