आईच्या वाटणीचं सारण

४ जाने., रवि.
पुन्हा तेच. पास्त्याचे मोठे शेल्स बेक केले, आत पालक-पनीर. बाबा म्हणे, "ह्या शिंपल्या लय भारी." (आईसमोर शिंपल्या म्हणू नका, सांगितलं.) ताईनं फोटो ग्रुपवर टाकला. आईनं नुसतं पाहिलं. "छान दिसून राहिलं रे." आणि स्वतःला वरण-भात वाढून घेतला.
दिवाळीत ओव्हन आला, आणि मी पहिलाच केक अंड्याचा केला. आई माळकरी. घरात मटण-मासे होतात, पण अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, बाबांच्या हातचे. सगळं माहीत होतं. एक्साइटमेंटमध्ये सुचलंच नाही. तेव्हापासून तो "अंड्याचा ओव्हन".
तिनं माझ्या हातचं एकदा खावं. बस.

७ जाने., बुध.
आईला डायरेक्ट विचारलं. नवीन ट्रे आणला तर?
"ट्रे नवा, पेटी तर जुनीच ना."
घासून काढली तर?
"आत काय भरलं ते दिसत नाही बाप्पा. मी बाहेरचा समोसाही नाही खात."
म्हणजे दोन प्रॉब्लेम. ओव्हन, आणि सारण. सारण तिनंच भरलं तर?
बाबा आतून, "ओव्हनले गंगाजल पाज लेका!"

११ जाने., रवि.
सकाळपासून घासतोय. सोडा, लिंबू, राख. जाळ्या उन्हात. शेजारच्या काकू कुंपणावरून, "काऊन रे, लगन जमलं का? भांडे घासाची प्रॅक्टिस करून राहिला!"
आईनं ओव्हनमध्ये डोकं घालून वास घेतला. दुपारी परत घासला.
मित्राला, ऋषीला, त्याच्या बर्थडे केकसाठी नाही म्हटलं. आता माझ्याकडे फक्त एगलेस. "मग मजा नाही यार," आणि त्यानं बेकरीत ऑर्डर दिली. माझा पहिला मोठा केक झाला असता. असो.

१३ जाने., मंगळ.
सारण ट्रायल. व्हिडिओत सगळे बाइंडिंगला अंडं टाकतात. मी नाही. शेतातली लाखोरीची कोवळी भाजी (लाख डाळीचा पाला) परतून + घरी दूध फाडून पनीर. पाणी सुटलं. शेल्स ट्रेमध्ये पोहून राहिले. बाबा चमच्यानं प्यायले, "सूप झकास हाय."
उद्या: भाजी फडक्यात पिळणे. भाजलेलं बेसन?

१६ जाने., शुक्र.
बेसन जमलं!! सारण घट्ट, चमचा उभा राहतो. जायफळ चिमूटभर. हिरवी मिरची जास्त, आईच्या हिशोबानं.

१८ जाने., रवि.
आई किचनमध्ये आली. स्वतःहून. सारण हातात घेऊन पाहिलं, नाकाशी नेलं. "करंजीवानी भरू का?"
इतकं दाबून भरलं की शेल्स फाटायला लागले. आई, थोडं कमी.
"काऊन? शिंपलीले उपाशी ठेवू काय?"
तीच शिंपली म्हणाली. मी आणि ताई एकमेकांकडे बघत राहिलो.
तेवढ्यात बाबा नवेगाव बांधच्या तलावावरून झिंगे (कोळंबी) घेऊन हजर. "थोड्या माह्यासाठी यानं भर, त्याच ट्रेत एका बाजूले."
आईचा हात थांबला.
नाही बाबा, म्हटलं. या ओव्हनमध्ये नाही.
"ओव्हन मीच घेऊन देल्लो ना रे तुले?"
तरी नाही. त्यांचे अंगणात केले, पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. खालून करपले. बाबा तरी खुश.
जेवताना आईच्या ताटलीत ओव्हनमधले दोन ठेवले. ताटली तिनं सरकवली नाही, जवळही ओढली नाही. "आज भूक नाही रे मले. झाकून ठेव."
ताई डोळ्यांनी खुणावत होती, बोल ना. मी ताटलीवर झाकण ठेवलं.

१९ जाने., सोम.
सकाळी ताटली धुऊन पालथी. बाबांना विचारलं. "मी कायले खाऊ? झिंग्यानंच पोट भरलं माह्यं." ताईही नाही म्हणते. मांजरानं खाल्लं म्हणावं, तर मांजर ताटली धूत नाही. गाईला घातलं असेल?
आई अंगणात तांदूळ निवडून राहिली होती. चहा घेऊन बाजूला बसलो.
वर न पाहता म्हणाली, "पुढच्या टाइमले मीठ थोडं जास्त टाकजो."
वासावरून सांगितलं? तिला येतं तसं. की...
"बरं," म्हटलं. किती जास्त, ते विचारायला पाहिजे होतं.