फोटोतली बाई कोण?

ताईस,

साठ वर्षांनी लिहितेय म्हणून गळा काढणार नाही. नात आज जुने फोटो निवडत होती. झाडाखालच्या तुझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ही बाई कोण गं?"

"मला काय ठाऊक? असेल कुणी भलतीच."

"मग टाकू?"

"टाक की."

तू त्या फोटोवाल्याबरोबर पळालीस आणि महिन्याभरात एकटीच परत आलीस. बाबांनी मला दाराला कडी घालायला लावली. तू बाहेरून "छकुले, उघड ना" म्हणत होतीस. मी नऊ वर्षांची घोडी, कडीवर हात ठेवून नुसती उभी राहिले. तुझी पावलं गेली ती गेलीच. अजून दार वाजलं की "कोण?" विचारते आणि घाबरते, तूच ओ दिलीस तर?

नात बाहेर गेल्यावर फोटो केरातून काढला. तुझ्या पायाशी दोन सावल्या पडल्यात, एक फोटो काढणाऱ्या त्या मेल्याची आणि दुसरी माझी, त्याला खेटून उभी होते ना मी. तूच शिकवलेल्या अक्षरांत मी आत्ता फोटोमागे लिहिलंय, 'ही माझी थोरली बहीण. दार मी उघडलं नाही.'

तुझा पत्ता नाही, म्हणून तो फोटो आणि हे पत्र नातीच्याच हातात देईन. विचारू दे काय विचारायचं ते.

कडीजवळची,
छकुली